सात पूर्णांक त्रेपन्न

जगात ७.५३ मिलिमीटर तोंडाची रायफल कोणी बनवत नाही. तिची काडतुसं कुठल्या दुकानात मिळत नाहीत, कुठल्या पुस्तकात तिचा उल्लेख नाही. तरीही ती विकत घेण्याचा एक सरकारी परवाना अस्तित्वात आला. त्यावर गोल शिक्का होता, सही होती आणि नाव होतं झिवा पेरुशेक. म्हणजे माझं.

मी नगरपालिकेच्या पाण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. रसायनशास्त्राची पदवी घेतली तेव्हापासून गावच्या नळाच्या पाण्यात काय काय आणि किती किती आहे, हे दशांशचिन्हानंतर तीन घरांपर्यंत मीच सांगते. हा माझा स्वभाव आहे असं आई म्हणते, मी त्याला पेशा म्हणते. पुढे जे घडलं ते याच एका गोष्टीमुळे घडलं, म्हणून आधीच कबूल करून टाकते.

शिकारीची परीक्षा मी पहिल्या फटक्यात पास झाले होते. अडचण माझ्या हातांची होती. मी डावखुरी. आमच्या शिकारी मंडळाच्या कपाटातली रायफल उजव्या हाताची, तिचा बोल्ट पलीकडच्या बाजूला. एक गोळी झाडली की दुसरी भरण्यासाठी मला स्वतःलाच मिठी मारावी लागे. तेवढ्यात रानडुक्कर शेजारच्या मंडळाच्या हद्दीत जाऊन स्थायिक होई.

विंको श्माल्त्स हे आमच्या खोऱ्यातले शेवटचे बंदूकसाज. त्यांना सगळे उस्ताद म्हणतात. मे महिन्यात मी त्यांच्याकडे गेले तेव्हा ते कानस पुसून डब्यात भरत होते.

"उस्ताद, मला एक रायफल हवी आहे. डाव्या हाताची. भेकर, हरीण, डुक्कर आणि वेळ आलीच तर अस्वल, सगळ्यांसाठी एकच."

"नवरा शोधतेयस की रायफल?" उस्ताद म्हणाले. मग खण उघडून त्यांनी दाखवला. "पाच नळ्या उरल्यात. पाच मापांच्या, एकेक. अकरा नोव्हेंबरला, सेंट मार्टिनच्या दिवशी, दुकान बंद, मी द्राक्षांच्या मळ्यात. तुझी बनवली तर ती माझी शेवटची. मला सहा आठवडे लागतात. सप्टेंबर संपायच्या आत हातात परवाना घेऊन ये आणि कॅलिबर सांग. नाहीतर ऑक्टोबर उजाडला की मी ही खोली धुऊन काढणार."

एवढंच काम होतं. कॅलिबर म्हणजे दोन आकडे. पहिला नळीच्या तोंडाचा, दुसरा काडतुसाच्या कवचाच्या लांबीचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये. सात-चौसष्ट, आठ-सत्तावन्न असे. पाचातून एक निवडायचं, कागदावर लिहायचं. हातात चार महिने होते. चार महिन्यांत माणूस कझाकस्तानला चालत जाऊन येईल.

मी पद्धतशीर मुलगी. आधी अनुभवी माणसांची मतं घ्यावीत, असं ठरवलं.

पहिले पोल्देकाका. वय एकाहत्तर, मंडळाचे गुलाशाचे, म्हणजे मांसाच्या रश्शाचे, अधिकृत आचारी, आणि नऊ-बासष्टचे कट्टर भक्त. नऊ म्हणजे खरं तर नऊ पूर्णांक तीन मिलिमीटर. पाचांत सगळ्यात जाड.

"अस्वल समोर आलं ना पोरी," काका म्हणाले, "तर ते तुला विचारणार नाही की तुझं कॅलिबर काय. ते काहीच विचारणार नाही."

"तुम्ही किती अस्वलं मारलीत, काका?"

"मारायचा प्रश्नच आला नाही. नऊ-तीन खांद्यावर दिसली की ती आपणहून बाजूला होतात."

दुसरे हेनिगमन. त्यांच्याकडे आजोबांपासून चालत आलेली आठ-सत्तावन्न होती. "या काडतुसानं दोन महायुद्धं काढलीत," ते छाती पुढे काढून म्हणाले. कुठल्या बाजूनं, हे माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं. पण मी सल्ला मागायला गेले होते, भांडायला नाही.

मंडळाचे अध्यक्ष सिरिल टांको हे निवृत्त स्टेशनमास्तर. त्यांचं मत सात-बासष्टला, म्हणजे नळीचं तोंडच सात पूर्णांक बासष्ट. "कुठल्याही दुकानात काडतूस मिळतं. वेळापत्रक महत्त्वाचं. जे वेळेवर येतं तेच चांगलं." आणि कार्यवाह स्लावकाबाई, ज्यांनी मला तिसरीत पाढे शिकवले, त्या साडेसहाच्या बाजूच्या. "धक्का कमी. तुझा खांदा तुझ्या आईसारखा नाजूक आहे." माझ्या आईचा खांदा त्यांनी कधी पाहिला, हे मला आजही माहीत नाही.

मी तक्ता केला. पाच ओळी, चौदा रकाने. धक्का, वेग, गोळीचं वजन, सत्तर पावलांवरची शक्ती, जवळच्या दुकानात किती पेट्या, मोठ्या जनावरासाठी कायद्यानं मागितलेली किमान मर्यादा. पाचही मर्यादेच्या वर होती. आईनं तक्ता पाहिला आणि म्हणाली, "एवढी चौकशी आपण हे घर घेताना केली असती, तर तळघरात पाणी शिरलं नसतं."

इथे मी डोळे मिटून तक्त्यावर बोट ठेवलं असतं तर ही कथा झाली नसती. पण जूनमध्ये मंडळाची सर्वसाधारण सभा होती, आणि परवान्याच्या अर्जाला मंडळाचं गरजेचं प्रमाणपत्र लागतं. म्हणून 'ऐनवेळचे विषय' मध्ये माझा विषय घ्यावा, असा अर्ज मी दिला. प्रमाणपत्राचा विषय. कॅलिबरचा नव्हे. हे मी शपथेवर सांगते.

आमच्याकडे मंडळाला कुटुंब म्हणतात. 'शिकारी कुटुंब' असंच पाटीवर लिहिलेलं आहे, आणि वागणंही त्याला धरून असतं. सभेच्या दिवशी आधी गुलाश होतो, मग आंबूस लाल वाईन होते, मग कामकाज. माझा विषय आला तेव्हा वाईनचा दुसरा घडा चालू होता.

"प्रमाणपत्र कसलं द्यायचं?" हेनिगमन उठले. "आधी कळू दे कॅलिबर काय. उद्या हिनं साडेसहा घेतली, तर कुटुंबाची अब्रू जाईल."

"साडेसहानं अब्रू जाते?" स्लावकाबाईंनी पेन खाली ठेवलं. "माझी गेली का?"

वीस मिनिटांत मंडळाचे पाच तुकडे झाले. सिरिलकाकांनी टेबलावर चमचा आपटून मतदान पुकारलं. मला मत नाही, असं तिथेच ठरलं. कारण मी लाभार्थी. माझ्या रायफलीच्या बाबतीत मंडळात निःपक्षपाती नसलेली एकमेव व्यक्ती मी होते.

साडेसहाला तीन मतं. सातला सहा. सात-बासष्टला पाच. आठला पाच. नऊ-तीनला दोन, त्यातलं एक पोल्देकाकांच्या मेव्हण्याचं, आणि ते पोल्देकाकांकडे बघत वर गेलं होतं.

"बहुमत कोणालाच नाही," सिरिलकाका म्हणाले. "आणि आपल्या कुटुंबात आजवर कोणी कोणाला हरवलेलं नाही. आपण मधला मार्ग काढतो. झिवा, तू शिकलेली आहेस. याचा मध्य किती येतो गं?"

आता पाहा. साधं उत्तर होतं: 'काका, कॅलिबरचा मध्य काढत नसतात.' पण खोलीतली एकवीस माणसं माझ्याकडे बघत होती. 'शिकलेली आहेस' हे शब्द मंडळात प्रथमच माझ्याविषयी टोमण्याशिवाय उच्चारले गेले होते. मी फोन काढला.

"भारित सरासरी घ्यावी लागेल," मी म्हणाले.

"घे की."

"सात पूर्णांक पाच तीन तीन. दोन दशांशांपर्यंत, सात पूर्णांक त्रेपन्न."

"आणि लांबी?" स्लावकाबाईंनी विचारलं. शिक्षिकेला अर्धवट उत्तर चालत नाही.

"सत्तावन्न पूर्णांक शहात्तर."

टाळ्या पडल्या. कोणीतरी माझा पेला भरला. मला वाटलं सगळ्यांना विनोद कळलाय. मी हसले, तेही हसले. फक्त स्लावकाबाई हसल्या नाहीत. त्या लिहीत होत्या.

परवाना ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात आला. वैद्यकीय दाखला, परीक्षेचा दाखला, मंडळाचं प्रमाणपत्र, सगळं नीट जोडलं होतं. प्रमाणपत्राला स्लावकाबाईंनी इतिवृत्ताचा उतारा टाचला होता, आणि परवान्यावर कॅलिबरच्या चौकटीत बारीक अक्षरात लिहिलं होतं: ७.५३ × ५७.७६.

मी धावत परवान्याच्या खिडकीवर गेले. तिथल्या ब्रिगिताबाई पीच खात होत्या.

"बाई, हे कॅलिबर अस्तित्वात नाही."

त्यांनी कागद पाहिला. "आहे की. हे काय इथे."

"चुकून लिहिलंय."

"चुकीला शिक्का नसतो. याला आहे."

"पण अशी रायफल कोणी बनवत नाही!"

"ते बंदूकवाल्याला सांगा. तुम्हाला नकार मिळालाय का? नाही. परवाना मिळालाय. लोक इथे नकार मिळाला म्हणून रडतात, परवाना मिळाला म्हणून रडणाऱ्या तुम्ही पहिल्या." मग बिया कागदात गुंडाळत त्या जरा मऊ झाल्या. "दुरुस्ती होते. एक दिवसाचं काम आहे. पण जसा कागद आला तसाच कागद लागेल. मंडळाचा ठराव चुकला, तर मंडळाचाच नवा ठराव आणा."

मी उस्तादांकडेही गेले. माणूस बुडताना काडी धरतो. "सात पूर्णांक त्रेपन्नची नळी होईल का हो?"

"लोखंडच आहे, भोक पाडता येईल," उस्ताद म्हणाले. "काडतुसं कोण घालणार, कोंबडी?"

मग स्लावकाबाई. त्यांच्या दारात मी तिसरीतल्या मुलीसारखी उभी राहिले.

"बाई, इतिवृत्त दुरुस्त करता का?"

"इतिवृत्त म्हणजे जे घडलं ते, झिवा. घडलं नव्हतं का?"

"घडलं होतं."

"आकडे चुकले होते का?"

इथे मी गप्प राहायला हवं होतं. "नाही," मी म्हणाले. "आकडे बरोबर होते."

"मग? पुढची सभा मार्चमध्ये. त्याआधी हवी तर विशेष सभा. एक तृतीयांश सभासदांच्या सह्या आण. आपण बावीस. बावीसचा तिसरा भाग किती?"

"सात पूर्णांक तेहेतीस."

"म्हणजे आठ. एक तृतीयांश माणूस सही करत नाही. आणि तुझी चालणार नाही, तू लाभार्थी."

उस्तादांची मुदत संपायला सत्तावीस दिवस होते. त्या रात्री मी ठरवलं, ही रायफल मी घेणार. आणि ती मला हव्या त्या मापाची घेणार. आधी मला कुठलंही माप चाललं असतं. पण एखाद्या बाईला तिच्या रायफलीबद्दल मत देण्याचा अधिकार नाही, असा ठराव झाला की तिला अचानक फार ठाम मत सुचतं.

सह्या गोळा करताना कळलं की सही फुकट नसते. प्रत्येकाला माझ्याकडून वचन हवं होतं की मी त्याचंच कॅलिबर मांडीन.

"नऊ-तीन म्हण, आत्ता सही करतो," पोल्देकाका म्हणाले.

"काका, मी तुमचं मत मागायला आलेली नाही. सही मागायला आले आहे."

"मत नको आणि सही हवी? मग मी कोण, पोस्टाचा शिक्का?"

"तुमच्या सरपणाचा ढीग फोडायचा राहिलाय ना?"

काकांनी कुऱ्हाड आणून दिली. दोन दिवस मी सरपण फोडलं. हेनिगमनसाठी मिठाचे दगड पाठीवर घेऊन खडकापर्यंत चढले, हरणं तिथे चाटायला येतात. तिथे पोचल्यावर हेनिगमन म्हणाले की या वर्षीची जागा खालची होती. एकाच्या मचाणाच्या पायऱ्या बदलल्या, एकाच्या पाच मधपेट्या हलवल्या, त्यात माझा उजवा डोळा दोन दिवस बंद राहिला. डावखुऱ्या माणसाचा नेम डाव्या डोळ्यानं लागतो, एवढंच समाधान. प्रयोगशाळेत साहेबांनी विचारलं, "पेरुशेक, तुमच्यावर कोणी हात तर उचलत नाही ना?"

"नाही साहेब. सह्या गोळा करतेय."

ज्या सहा जणांनी सातला मत दिलं होतं, त्यांनी मात्र काहीही न मागता सही केली. त्यातल्या एकानंही मला कधी सल्ला दिला नव्हता. विज्ञानात याला पुरावा म्हणत नाहीत, पण मी नोंद करून ठेवली. सहांमध्ये पोल्दे, हेनिगमन, मचाणवाले आणि मधपेटीवाले मिळवून दहा सह्या झाल्या. स्लावकाबाईंनी त्या दोनदा मोजल्या आणि पंचवीस सप्टेंबर, रविवार, सकाळी अकरा, अशी सभा लावली.

आता माझा प्रयोग. मागच्या सभेत आधी गुलाश, मग ठराव, असा क्रम होता. निकाल आपण पाहिला. बाकी सगळं तसंच ठेवून मी फक्त हा क्रम उलटा करायचं ठरवलं. सिरिलकाकांना सांगितलं की वेळापत्रकानुसार कामकाज अकराला आणि जेवण बाराला. 'वेळापत्रक' म्हटल्यावर ते आनंदानं तयार झाले. अकराला सगळे उपाशी बसले होते आणि कोपऱ्यात पोल्देकाकांचं पातेलं रटरटत होतं.

मी तक्ता आणला नव्हता. मंडळाची शिकारवही आणली होती. गेल्या अकरा वर्षांत पडलेल्या चारशे सतरा जनावरांची प्रत्येकी एक ओळ तिच्यात आहे. कोणी, कुठे, कुठल्या कॅलिबरनं, किती पावलांवरून, किती गोळ्यांत. सगळ्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलेलं, आणि बहुधा पुन्हा कोणी न वाचलेलं.

"सरासरी अंतर चौसष्ट पावलं," मी म्हणाले. "एका गोळीत पडलेली जनावरं दर शंभरात, साडेसहानं नव्वद, सातनं एक्याण्णव, सात-बासष्टनं नव्वद, आठनं एक्याण्णव, नऊ-तीननं एकोणनव्वद. म्हणजे कॅलिबरनं फरक पडत नाही. शांत बसण्यानं पडतो."

एकवीस माणसांना एकाच वेळी आपण बरोबर नव्हतो हे कळलं, आणि त्याच वेळी चूकही नव्हतो हेही कळलं. अशा क्षणी माणसं शेजाऱ्याचा दोष शोधू लागतात.

"त्या वहीत बघ गं जरा," हेनिगमन गोड आवाजात म्हणाले. "पोल्देचं ते मोठं हरीण. दोनशे पावलांवरून मारलेलं. भिंतीवर शिंगं आहेत ती. किती लिहिलंय?"

मी पान उलटलं. न उलटता सांगता आलं असतं. मला ते पाठ होतं, आणि ते मोठ्यानं वाचायची वेळ येऊ नये म्हणून मी सकाळपासून प्रार्थना करत होते.

"एकोणचाळीस," मी म्हणाले.

पातेल्यातली पळी थांबली.

"कोणाची पावलं?" पोल्देकाकांनी विचारलं.

"तुमचीच, काका. अक्षरही तुमचं आहे."

"तेव्हा माझे पाय लांब होते."

हशा असा उसळला की खिडकीच्या काचा वाजल्या. काका हसले नाहीत. त्यांच्या हातात पळी होती, म्हणजे सभा त्यांच्या हातात होती. त्यांनी ज्योत बंद केली असती, तर माणसं उठून घरी गेली असती, आणि उस्तादांच्या खोलीत सहा दिवसांनी झाडू फिरला असता.

"काका," मी म्हणाले, आणि हे मी खुशामत म्हणून म्हणाले नाही, वहीत तसंच होतं, "एकशे तीस हरणं आहेत या वहीत. दुसरं कोणीही पन्नास पावलांच्या आत पोचलेलं नाही. मोठ्या हरणाला वास लागू न देता एकोणचाळीस पावलांवर जाणं अकरा वर्षांत एकालाच जमलंय. दोनशेवरून तर कोणीही मारेल."

काकांनी पातेलं एकदा ढवळलं.

"वाऱ्याविरुद्ध गेलो होतो," ते म्हणाले. "पोटावर. दोन तास." मग पळी हेनिगमनकडे रोखली. "ऐकलंस? आकडे बोलतात. सिरिल, मतदान घे लवकर, खाली लागायला लागलंय."

ठराव एका ओळीचा होता: मागचा ठराव रद्द, कॅलिबर अर्जदार स्वतः ठरवेल. सिरिलकाकांनी विरोधी मतं विचारेपर्यंत माणसं ताटल्या घेऊन रांगेत उभी होती. एकमतानं मंजूर. वेळ अकरा एकेचाळीस.

सोमवारी खिडकीवर कागद लावला होता: द्राक्षतोडणीमुळे ब्रिगिताबाई गुरुवारी भेटतील. गुरुवारी मी दार उघडायच्या आधी पायरीवर होते.

"ठरवलंत?" त्यांनी विचारलं.

"सात-चौसष्ट."

"सातच्या पुढे काही?"

"काही नाही. पूर्ण सात."

"बरं झालं. चौकट लहान आहे, मागच्या वेळी चष्मा लावून लिहावं लागलं."

शुक्रवारी, तीस सप्टेंबरला, मी परवाना घेऊन उस्तादांकडे निघाले. एकटी जाणार होते. पण कोपऱ्यावर सिरिलकाकांची गाडी उभी होती, मागे हेनिगमनची. "कुटुंबानं दोन सभा घेतल्या या रायफलीसाठी," सिरिलकाका म्हणाले. "निदान नळी बघायला नको का?" दुकानात आम्ही नऊ जण शिरलो. खोली तिघांची होती. पोल्देकाका दारात अर्धे आत, अर्धे बाहेर.

उस्तादांनी परवाना उजेडात धरून दोनदा वाचला. खण उघडला, पाचातली दुसरी नळी उचलली, तिच्यातून खिडकीकडे पाहिलं आणि माझ्यासमोर फडक्यावर ठेवली. मी तिला बोट लावलं. थंड होती, आणि तेलाचा वास होता. सत्तावीस दिवसांत मी इतकी शांत कधी झाले नव्हते.

"छान," उस्ताद वही ओढत म्हणाले. "आता सांग, दस्ता कुठल्या लाकडाचा?"

माझ्या मागे आठ माणसांनी एकदम श्वास आत घेतला.

"अक्रोड," मी म्हणाले, त्यांनी तो बाहेर सोडायच्या आत.

"नाशपातीचं लाकूड मात्र..." दारातून पोल्देकाकांचा आवाज आला.

"अक्रोड, काका."

उस्तादांनी ते लिहून घेतलं.